जादूगाराचे हात

"पन मास्तर, हाऊ असा काबर व्हयना?" संवादांचे कागद हातात पडले की तो हेच विचारायचा. हा असा का झाला?

हा म्हणजे माझ्या नाटकातला जादूगार. साठच्या दशकात सुरतेत आम्हां मराठी मंडळींच्या गणपतीत मी दरवर्षी मुलांचं नाटक बसवायचो. मी शाळामास्तर, तो खानदेशातून आलेला, उधन्याला गिरणीच्या रंगखात्यात. त्याचे हात कोपरापर्यंत निळे-हिरवे. खरं सांगायचं तर मला जादूगार सुचला तोच ते हात पाहून, आणि भूमिकाही मी त्यालाच दिली. त्याला मात्र एवढ्याने भागत नसे.

"जादूगार जन्मतःच दुष्ट असतो," मी वैतागून म्हणायचो.

"मंग त्यानी माय काय म्हने?"

आता गडगडाटी हसायचं काम ज्याचं, त्याला आई कशाला हवी, तुम्हीच सांगा!

पहिल्या वर्षी मी शिंगं लावली, ती त्याने ऐन प्रयोगात काढून ठेवली. दुसऱ्या वर्षी दाढी चिकटवली, तर राजकन्येला पळवण्याआधी तिला "जेवलीस का?" विचारून मोकळा. मुलं खूश, मी डोकं धरून बसलेला. तिसऱ्या वर्षी तर कहर झाला. राजपुत्र तलवार उगारून उभा, आणि हा मरायचं सोडून जादूगाराचं लहानपण सांगत बसला. त्याच्या हातचं कुणी खात नसे म्हणे. राजपुत्राचा हात भरून आला. शेवटी मीच पडदा पाडला.

नाटक बुडालं, एवढंच मला तेव्हा दिसलं. आमच्याच मांडवात प्रसादाचं ताट त्याच्या त्या रंगलेल्या हातांत कुणी देत नसे, हे मी रोज बघत होतो, तरीसुद्धा.

पुढच्या वर्षी भूमिका बँकेतल्या एका कारकुनाला दिली. "तुमनं नाटक शे, मास्तर," इतकंच तो म्हणाला. पण रंगीत तालमीत ते स्वच्छ हात पाहून मुलं म्हणाली, हा जादूगार नाहीच. मग कारकुनाचे हात रंगवायला मीच निर्लज्जपणे त्याला बोलावलं. तो रंगाची डबी घेऊन आला, उकिडवा बसला आणि कारकुनाचं एक बोट रंगवलं.

"धुतल्यावर जाईल ना?" कारकुनाने विचारलं.

"आठ दिन लागतीन."

"आठ दिवस?" कारकुनाने हात मागे ओढला. "लोक काय म्हणतील!"

त्याने ते बोट फडक्याने जमेल तेवढं पुसून दिलं, डबीला झाकण लावलं आणि निघाला. तेव्हाच मी त्याला थांबवायला हवं होतं.

त्या संध्याकाळी जादूगार हातमोजे घालून, लिहिल्याबरहुकूम, अगदी वेळेवर मेला. तो मात्र त्यानंतर मांडवात कधी आला नाही. माझी नाटकं तेव्हापासून एकदाही लांबली नाहीत, आणि याची मला अजून लाज वाटते.