ऊन खाल्लेलं पान

आमच्या गोदामाच्या उत्तरेच्या भिंतीला अकरा खिडक्या. दुसऱ्या खिडकीशी स्ताशा वोयतोविच बसायची. चौतीस वर्षं ती तिथून हलली नाही. मी तिसरीशी, म्हणजे बरोब्बर तिच्या कोपराच्या टप्प्यात, आणि ते कोपर मला दिवसातून एकदा तरी लागायचंच.

तंबाखूची वाळलेली पानं रंगाप्रमाणे निवडायची, हे आमचं हिवाळ्याचं काम. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही, म्हणून खिडकीचा मान मोठा. कनेटिकटच्या या खोऱ्यात तंबाखू कापडाच्या मांडवाखाली वाढते. ऊन गाळून मिळतं, म्हणून पान बिचारं उजेडासाठी हातभर पसरतं आणि तलम होतं, शिरा बारीक. सिगारवर गुंडाळतात ते हेच. तेच रोप उघड्यावर लावा, पान जाड कातडं करून बसतं, शिरा सुतळीएवढ्या, आणि वाळलं की काळपट. त्याला आम्ही म्हणतो ‘ऊन खाल्लेलं’.

स्ताशाला हा हिशेब माणसांनाही लावायची खोड होती. नवे पाद्री आले तेव्हा म्हणाली, “सावलीतलं पान. शिंकलं तरी फाटेल.” मला म्हणायची, “हेला, तू मांडवाच्या काठावरची. कुठल्याच ढिगात बसत नाहीस.” मी चिडायचे. पण खरं सांगायचं तर माझ्या आईलाही मी इतकी नेमकी कळले नव्हते.

त्या डिसेंबरात आमच्या टेबलावर सातव्या खणाच्या जुड्या आल्या. मांडवाच्या दोन-दोन खांबांमधला चौकोन म्हणजे खण, आणि जुडीला त्याचा आकडा बांधलेला असतो. स्ताशाने पहिली जुडी सोडली, पान दोन बोटांत धरलं आणि सगळीच्या सगळी जुडी काळ्या ढिगात टाकली. दुसरीही. तिसरीही.

डनिंग साहेब धावत आला. मॅनेजर म्हणून त्याचं पहिलंच वर्ष होतं. पोरगा वाईट नव्हता, पण बूट फार चकचकीत.

“बाई, हे मांडवाचं पान आहे. आकडा बघा ना!”

“आकडा मांडवाचा असेल. पानानं ऊन खाल्लंय.”

“ऊन कुठून येणार? दहा एकर सगळं झाकलेलं होतं!”

“ते मला काय विचारता? पानाला विचारा.”

सगळ्याजणी खिदळल्या आणि तिथेच घोळ झाला. चारचौघींत हसं झालेला साहेब माघार घेत नसतो. मांडव तर सप्टेंबरातच उतरवलेला, आता दाखवायला काही उरलं नव्हतं. त्याने स्ताशाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरतोय. झालं! साहेबाने जाहीर केलं की सोमवारपासून स्ताशा तळघरात बसेल, जुड्या बांधायला. तिथे खिडकी नाही, एक दिवा आहे.

त्या संध्याकाळी मी तिला गाडीतून घरी सोडलं आणि आत जाऊन बसले. तिचा नवरा ताडेक पिएरोगी, म्हणजे आमची बटाटा भरलेली पोलिश करंजी, परतत होता. उभी हयात त्याने मांडवाचं कापड तारांना शिवण्यात आणि फाटलेल्याची डागडुजी करण्यात घालवली होती. स्ताशाने सगळं सांगितलं.

“चौतीस वर्षांत एक पान चुकलं नाही, ताडेक. आणि आता म्हणे माझे डोळे गेले.”

“कुठला खण म्हणालीस?” त्याने विचारलं.

“सातवा. नदीकडचा.”

ताडेकने चूल बंद केली. पिएरोगी तव्यातच राहिली आणि त्या घरात मी पहिल्यांदाच उपाशी परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ताडेक गोदामात आला. अंगात चर्चचा कोट, टोपी हातात. सरळ डनिंगपुढे उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “साहेब, सातव्या खणाचं कापड मी काढलं होतं. जूनमध्ये. चर्चच्या जेवणावळीला सावली हवी होती. रात्री परत लावणार होतो, विसरलो. मग लाज वाटली म्हणून कुणाला सांगितलं नाही, गुपचूप लावून टाकलं.”

“कुठली जेवणावळ?”

“तुम्ही होतात ना. दोनदा सॉसेज घेतलंत. त्याच कापडाखाली.”

डनिंगचे कान लालबुंद झाले. आम्ही पानांत तोंडं खुपसली. तेवढ्यात स्ताशा उठली. चेहरा असा की मला वाटलं, आता नवऱ्याला सगळ्यांसमोर झोडपणार.

“किती दिवस उघडं होतं?” तिने विचारलं.

“दहा-बारा.”

तिने पान उचललं, अंगठा फिरवला. “ताडेक!”

“बरं बाई, अठरा,” तो म्हणाला.

खिडकी स्ताशाकडे राहिली. पण कापड सांभाळणाऱ्यानेच कापड नेलं, त्याला काही शिक्षा नको का? पुढच्या हंगामापासून ताडेकला मांडवावर चढायची बंदी झाली आणि सोमवारी तळघरातल्या त्या दिव्याखाली तो जाऊन बसला. कुणी विचारलं तर म्हणायचा, “गुडघे दुखायचे हो, बरंच झालं.” त्याचे गुडघे कधी दुखले नव्हते.

आठवडाभराने मी स्ताशापुढे एक पान धरलं. “हा रंग तांबूस म्हणू की पिवळट? माझा गोंधळ होतोय.”

तिने पान माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. मग मान खाली घालून हळूच म्हणाली, “हेला, मला दिसत नाही गं.”

“काय दिसत नाही?”

“रंग. गेल्या हिवाळ्यापासून. सगळं दुधातून बघावं तसं दिसतं. सातव्या खणाचं पानही मी पाहिलं नव्हतं. जाडी लागली अंगठ्याला. पान खोटं नव्हतं गं, पण डॉक्टरही खोटं बोलला नाही.”

 मला राग आला. वर्षभर तिचं कोपर मी खात होते आणि हे मला कळलं नव्हतं.

“ताडेकला सांगितलंस?”

“वेडी आहेस का?” तिने माझं मनगट गच्च धरलं. “माझे डोळे शाबूत आहेत असं धरून तो खाली जाऊन बसलाय. त्याला कसं सांगू?”

मी माझं स्टूल तिच्या बाजूला ओढलं. रंग मी सांगायचा, अंगठ्याने जाडी तिने, असं आमचं ठरलं. पुढची तीन वर्षं आमच्या टेबलावरची एकही जुडी परत आली नाही, आणि दुपारची सुट्टी झाली की स्ताशा भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत तळघरात जेवायला जायची.