दहाव्या नंबरची चारोळी

धाडच्या अंगणवाडीत सिंधूताईंनी सव्वीस वर्षांत किती मुलांना यमक शिकवलं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्यांची शिकवायची पद्धत साधी. आधी मुलाला सोपा शब्द द्यायचा. ‘फूल’ म्हटलं की मूल, चूल, झूल असं काहीतरी पोर आपोआप बोलतं आणि एकदा बोललं की त्याला वाटतं, आपल्याला येतं. पहिल्याच दिवशी अवघड शब्द दिला तर ते पोर गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या पोराला पुन्हा बोलतं करायला महिना जातो.

हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी स्वतःच्या लेकीला गप्प बसवलं ते त्यांनीच.

महामाया लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. तोवर गावानं विचारायचं सोडून दिलं होतं. ती सहा महिन्यांची असताना सिंधूताईंना अंगणवाडीचं काम लागलं आणि पोरीला कडेवर घेऊनच त्या कामावर जाऊ लागल्या. पहिल्यांदा वजनकाटा लटकवला तेव्हा झोळीत महामायालाच बसवलं होतं. तिच्या वजनाचं कार्ड अजून कपाटात आहे. त्यावरची रेघ कुठंही खाली उतरलेली नाही.

हीच महामाया दोन वर्षांपूर्वी जालन्याहून आली. तिथं ती एका लॅबमध्ये कामाला होती. चहा झाल्यावर तिनं सांगितलं, की अविनाश नावाच्या मुलाशी ती कोर्टात लग्न करणार आहे. मुलगा दुसऱ्या समाजाचा. सिंधूताईंना राग नंतर आला, आधी भीती आली. त्या घरात आपल्या पोरीला पाण्याच्या माठाजवळ उभं करतील का? तिच्या हातचं खातील का? सणाला चार बायका जमल्या की तिच्याकडं बघून कुजबुजतील, तेव्हा ती कुणाच्या पदराआड जाईल? हे सगळं विचारायचं सोडून तोंडातून भलतंच निघालं.

“तुले तोलू तोलू वाढवलं ते ह्यासाठी? त्याच्यापरीस पाळणा रिकामा राह्यला असता तं बरं झालं असतं.”

शिलाई मशीनवर बसलेल्या नवऱ्याचा, किसनरावांचा पाय थांबला. महामायानं कप मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला, पिशवी उचलली आणि ती स्टँडकडे निघून गेली. पुढं लग्न झालं ते कळलं. फोन मात्र तिनं कधी उचलला नाही. बेल पुरी वाजून बंद व्हायची. सिंधूताई रोज लावायच्या, मग आठवड्यानं, मग महिन्यानं.

यंदा वर्षावासाच्या तोंडावर विहारात महिला मंडळाची बैठक झाली. पावसाळ्याचे ते तीन महिने दर रविवारी ग्रंथवाचन असतंच. मंजुश्रीताई शाळेत शिक्षिका, त्यांच्या डोक्यात नवीन काहीतरी असायचंच. त्या म्हणाल्या, “यंदा वाचनासोबत चारोळीची साखळी करू. तेरा रविवार, प्रत्येकानं दर आठवड्याला एक चारोळी. आधीच्या माणसाचा जो शेवटचा शब्द, त्याला यमक जुळवून आपली पहिली ओळ. शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, रविवारी मी माइकवर वाचणार. ज्याची आली नाही त्याचा नंबर वाचून ‘रिकामा’ म्हणणार. आधीच सांगते.”

“अन् बाहेरगावी दिलेल्या पोरी?” कुणीतरी विचारलं.

“त्याही. त्या काय गावाच्या बाहेरच्या झाल्या?”

नियमांसकट यादी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लागली. आठ नंबरला पंजाबराव, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आता पूर्णवेळ शेतकरी. नऊ नंबरला सिंधूताई. दहा नंबरला महामाया. तिचा मोबाइल नंबर त्या ग्रुपवर पहिल्यापासून होता, तिनं ग्रुप सोडला नव्हता. मंजुश्रीताईंनी मायलेकींना एकाखाली एक ठेवलं ते मुद्दाम, हे सगळ्यांना कळलं.

पहिल्याच आठवड्यात पंजाबरावांची चारोळी ‘सोयाबीन’वर संपली.

“काय माणूस हाय!” सिंधूताई घरी येऊन वैतागल्या. “सोयाबीनले यमक कुठून आणू मी?”

किसनराव शर्टाला काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, “मशीन.”

त्यावर सिंधूताईंनी लिहिलं:

ओसरीत खडखडते बाबांची मशीन,
ताटं लागतात दोन, हात काढतो तीन.
उंबऱ्याशी उभी राहून पाहते मी वाट,
एवढंच सांग पोरी, कधी भरेल ताट?

शनिवारी चारोळी टाकली आणि फोन पदरात धरून त्या बसून राहिल्या. दिवेलागणीला दहा नंबरची चारोळी आली.

कामाला निघताना होते रोज पहाट,
डब्यात भाकर दोन, गर्दीची वाट.
तरी तुझी ओळ वाचून थांबते घडीभर,
सुखात आहे मी, काळजी दूर कर.

सिंधूताईंनी ती चार वेळा मोठ्यानं वाचली. पाचव्यांदा वाचता आली नाही. किसनराव खुर्चीचा आधार घेत उठले, जवळ आले, म्हणाले, “पुन्हा वाच बरं ते शेवटचं.”

पुढचे सहा आठवडे त्या घरात शनिवार हा सण झाला. त्या लेकीला विचारायच्या, जेवतेस का वेळेवर? चारोळीतच उत्तर यायचं. सर्दी झाली होती, बरी झाली. गच्चीवर मिरच्यांची रोपं लावली. पंजाबरावांची कपाशी, पंजाबरावांची पऱ्हाटी, पंजाबरावांचं रानडुक्कर, सगळ्यांना यमकं काढून सिंधूताई लेकीपर्यंत पोचायच्या. अंगणवाडीतली मदतनीस जयमाला म्हणायची, “ताई, तुमी तं आता कवी होऊन राह्यल्या. आम्हाले विसरसान.” सिंधूताई हसायच्या. दोन वर्षांत त्यांना असं हसताना जयमालानं पाहिलं नव्हतं.

आठव्या आठवड्यात पंजाबरावांनी ‘फवारणी’ दिली. सिंधूताईंनी ठरवलं, आता बोलून टाकायचं. सगळ्या गावासमोर झालं तरी चालेल.

सगळ्यांच्या पुढे करते आज विनवणी,
भीतीपोटी बोलले, खोटी ती वाणी.
सुटलेला शब्द जिभेवर परत येईना,
तुझ्याविना पोरी, हे घर घर होईना.

त्या शनिवारी उत्तर आलंच नाही. रविवारी सकाळी, वाचन सुरू व्हायला थोडाच वेळ असताना, फोनवर मेसेज वाजला. वाचायला सवड नव्हती. सिंधूताई तशाच विहारात पोचल्या आणि बायकांत पुढं बसल्या. किसनराव नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीवर, डावा पाय लांब करून बसलेले. हा पाय ते तीन वर्षांचे असताना तापात गेला. वाळल्या काडीसारखा आहे, टेकतो तेवढाच.

मंजुश्रीताईंनी आठ वाचली, नऊ वाचली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग दहा:

सायकलच्या दांडीवरची जागा विसरता येईना,
बाबांच्या घंटीचा आवाज कानातून जाईना.
शाळेच्या फाटकाशी हात हलवायचे बाबा,
आठवलं की डोळ्यांवर राहत नाही ताबा.

दुसऱ्या ओळीवरच मंजुश्रीताई अडखळल्या. तरी त्यांनी चारही ओळी पुऱ्या केल्या. धाडमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, की किसनरावांनी जन्मात सायकल चालवली नाही.

“किसनराव अन् सायकल?” पंजाबरावांच्या तोंडून निघून गेलं. शेजारच्यानं त्यांना कोपर मारलं.

मागून किसनरावांचा आवाज आला. “वाचा हो मंजुश्रीताई, अकरा नंबर वाचा. दहाची चांगली जमली.”

घरी आल्यावर कुलूप काढता काढता किसनराव म्हणाले, “सिंधू, लिहिणारी आपली पोर नाही.”

“मले समजलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं घरी गेल्यावर, अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून सिंधूताईंनी तो नंबर लावला. बेल वाजली. दोन वर्षांत पहिल्यांदा पलीकडून कुणीतरी उचलला.

“मावशी, मी अविनाश बोलतोय.”

पोरगा घाबरलेला होता. “पंजाबराव काकांनी ग्रुपवर लिहिलं होतं सायकलचं, मग डिलीट केलं. मी वाचलं तेव्हाच. माझं चुकलं.”

“तुमीच लिहत होते? सगळ्या?”

“हो.”

“पहिलीपासून?”

“हो. तिनं नवा नंबर घेतलाय. हे सिम माझ्या जुन्या फोनमध्ये पडून असतं. पहिल्या आठवड्यात तुमची चारोळी आली ना, ताटाची, ती मी तिला दाखवली. तिनं फोन पालथा ठेवला. म्हणाली, रोज बेल वाजायची तशीच ही पण वाजू दे.” तो थांबला. “मला राहवलं नाही. रविवारी तिच्या नावापुढं सगळ्यांसमोर रिकामा म्हणाले असते. तुम्ही तिथं बसलेल्या असत्या.”

भिंतीवर मुलांनी रंगवलेले हत्ती होते. सिंधूताई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

“ते मिरच्यांची रोपं?”

“ती खरी आहेत. सर्दी पण खरी. खोटं फक्त सायकलचं. मला वाटलं, वडील म्हटल्यावर सायकल असणारच. बाबांच्या पायाचं मला माहीत नव्हतं, मावशी. ती घरचं बोलत नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. मी विचारायचो आधी. आता नाही विचारत.”

सहा वर्षांची महामाया सिंधूताईंना दिसली. बापाचं बोट धरून शाळेत जाणारी. सगळी पोरं पळत पुढं जायची आणि ही बापाच्या चालीनं चालायची, एक पाऊल टाकून थांबायची, मग दुसरं. उशीर होऊन बाई रागावल्या तरी हिनं कधी घाई केली नाही. बापाचं नाव निघालं तर जी पोरगी आधी हे चालणंच सांगेल, तिनं दोन वर्षांत नवऱ्याला बापाचा पायसुद्धा सांगितला नाही. सिंधूताईंना वाटत होतं, लेक रागावली आहे. राग असता तर तिनं सांगितलं असतं, रडून, ओरडून सांगितलं असतं. पाळणा रिकामा राहायला हवा होता असं माय म्हणाली आणि लेकीनं ते खरं करून दाखवलं. या घरात आपण जन्मलोच नव्हतो, अशी ती जगत होती.

“तिची तब्येत बरी आहे ना हो?”

“बरी आहे.”

“तुमच्या घरचे... तिले वागवतात ना नीट?”

“माझी आई तिच्या हातच्या चहाशिवाय उठत नाही, मावशी.”

सिंधूताईंनी पदर तोंडात धरला. दोन वर्षांपूर्वी ज्या भीतीपोटी त्या बोलल्या होत्या, तिचं उत्तर हे एवढंसं होतं. चहाचं.

“आता मी लिहिणं बंद करू का?” अविनाशनं विचारलं.

सिंधूताई “ठेवते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी किसनरावांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ सुईत दोरा ओवत होते. दोरा जाईना. शेवटी म्हणाले, “पोरगं भलं हाय वं.” आणि सुई सुयांच्या गादीत खोचून ठेवली.

शनिवार आला. पंजाबराव त्या रविवारपासून इतके ओशाळले होते, की त्यांनी स्वतः फोन करून विचारलं, “ताई, सोपा शब्द देऊ का? तूर चालते का?”

“द्या,” सिंधूताई म्हणाल्या.

त्या वही घेऊन ओसरीत बसल्या. अजून पाच रविवार होते. पाच वेळा लेकीला हाक मारता आली असती आणि पाचही वेळा ती पालथ्या फोनवर पडली असती. त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्यांदाच चारोळीत ‘पोरी’ आलं नाही. ज्याला काहीच माहीत नव्हतं, त्याला त्या सांगत होत्या. त्या घरात निदान एका माणसाला तरी ठाऊक असावं, की ती कुणाची लेक आहे.

शेवटचा शब्द आधी ‘उमज’ पडला. ‘कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिची तिला उमज.’ ओळ चांगली होती. पण ‘उमज’ला यमक शोधता शोधता अविनाश अडकला असता, आणि अडकून गप्प बसला तर? सिंधूताईंनी शेवटच्या दोन्ही ओळी खोडल्या आणि पुन्हा लिहिल्या.

शाळा होती त्या टोकाला, घरापासून दूर,
बाप चाले लंगडत, धूळ उडे भुरभुर.
लेक त्याच्या चालीने टाकी पाऊल हळू,
कुणी तिला सांगितलं नव्हतं, आपणच लागलं कळू.

कळू. वळू, जुळू, मिळू. पुष्कळ आहेत. त्यांनी बोटांवर मोजून पाहिले, आणि मग चारोळी पाठवली.