शैलाताईंना लावलेल्या बाह्या

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ह्यांचा आवाज ओळखूच येईना. "ताई गेली... चहा ठेवायला उठली, तिथेच कोसळली..." एवढंच बोलले. मी पर्स उचलली, साहेबांना सांगितलं, रिक्षात बसले. रिक्षा वडाळे तळ्यापाशी वळत होती तेव्हा माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो आज सहा आठवड्यांनी लिहून टाकते. आता त्या मला कधीच विचारणार नाहीत, असं वाटलं होतं. दुःख नंतर आलं, भरपूर आलं. पण त्याच्याआधी आली ती सुटका. नणंदेच्या जाण्याने जिला क्षणभर का होईना सुटल्यासारखं वाटलं, तिने त्याच नणंदेवर लेख लिहावा की नाही, मला कळत नाही. पण तोंडाने बोलायचं मला कधी जमलंच नाही.

शैलाताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. नेऱ्याच्या बाजूला एका शाळेत त्यांनी उभं आयुष्य शिकवलं. अंगाने चांगल्या भरलेल्या. रुंद पाठ, जाड दंड, अंगावर लिंबाएवढ्या फुलांची साडी आणि ब्लाउज कायम बिनबाह्यांचा. "शेवटच्या बाकावरच्यालाही दिसायला नको का मी?" म्हणायच्या. एकदा आमच्याकडच्या हळदीकुंकवात कुणीतरी त्यांना सुचवलं, की साडीवरच्या आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतं. ताई म्हणाल्या, "अगं, मी जाडच आहे. त्या रेघा बिचाऱ्या वेगळं काय दाखवणार?" आमचा शिंपी इक्बालभाई. बायकांची मापं तो जरा पुटपुटतच वहीत लिहायचा. ताई त्याला म्हणायच्या, "मोठ्याने बोला हो इक्बालभाई, चोरीचा माल नाहीये." जरा ढिला ठेवू का, असं त्याने विचारलं की म्हणायच्या, "अंगाला बसेल तेवढाच. गोणपाट नकोय मला."

मी पहिल्यापासून काटकुळी. गळ्याची हाडं दिसतात म्हणून गळाबंद ब्लाउज, मनगटं दिसतात म्हणून लांब बाह्या. "सुनीता, मान बघ तुझी केवढी देखणी. तिला कशाला कोंडून ठेवतेस?" असं त्या मला कितीदा म्हणाल्या असतील. मी नुसती हसायचे. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची. त्यांच्या दंडांची नव्हे फक्त, त्यांना त्या दंडांची लाज वाटत नाही, याची.

मागच्या वर्षी आमच्या ऋजुताचं लग्न झालं. घरातल्या सगळ्या बायकांना एकाच रंगाचे ब्लाउज शिवायचे ठरलं. ताईंनी आपल्यापुरतं बिनबाह्यांचं कापड मोजून दिलं. मुलाकडचे पुण्याचे, नीटनेटके, सडपातळ लोक. फोटोत ऋजुताच्या शेजारी आत्या उभी राहणार... मी दोन दिवस विचार केला आणि इक्बालभाईला फोन केला. "ताईंच्या ब्लाउजला कोपरापर्यंत बाह्या लावा. विचारलंच तर म्हणा, गडबडीत बाकीच्यांसारखाच शिवला गेला." तो म्हणाला, "वहिनी, कापड पुरायचं नाही." मी म्हटलं, "कसंही बसवा."

त्याने बसवलं. ब्लाउज आला तो आदल्या संध्याकाळी. ताईंनी माझ्यासमोरच घातला. बाह्या दंडात रुतल्या होत्या. "बाह्या लावल्यान् बघ मेल्याने," त्या हसत म्हणाल्या. मग हात वर करायला गेल्या, तो खांद्यापर्यंतही जाईना. हसू थांबलं. "त्याचं माप कधी चुकत नाही गं. मीच वाढले वाटतं." मी तिथे उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "लग्नाच्या धावपळीत होतं हो ताई असं."

लग्नाच्या फोटोंत मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्यांचे हात अक्षता टाकायला वर गेलेले दिसतात, आत्याचा तेवढा कमरेपाशी. वरातीत त्या नाचल्या नाहीत. नंतर चार महिने आमच्याकडे येताना काळपट, सैल कुडते घालून यायच्या. एकदा जिन्यात थांबून त्यांनी मला विचारलं, "मी फार जाड दिसते का गं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तो मीच तिथे ठेवला होता.

दिवाळीत मात्र भाऊबीजेला दारात उभ्या राहिल्या त्या हळदीसारख्या पिवळ्या, बिनबाह्यांच्या नव्या ब्लाउजात! मला इतकं हायसं वाटलं... वाटलं, सावरल्या आपल्या आपण. त्या स्वयंपाकघरात आल्या, ओट्याला टेकल्या. "कसा दिसतोय?" मी म्हटलं, "छान." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अजून काही?" करंज्या तळत होत्या, मी झारा हलवत राहिले. "नाही, छानच आहे." "बरं," म्हणाल्या आणि ताट वाढायला घेतलं.

त्यांचे दिवस झाल्यावर मी इक्बालभाईकडे गेले. कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि माझा गुन्हा ठाऊक असलेला जगात तो एकटाच होता. त्यानेच आधी मशीन थांबवलं. "वहिनी, ताईंना माहीत होतं. दिवाळीच्या आधी आल्या, म्हणाल्या नवीन माप घ्या, मी वाढले. घेतलं. वहीत बघितलं, जुनं माप तेच. एक दोरा इकडेतिकडे नाही. मग मला खोटं नाही बोलवलं." मी विचारलं, "काय म्हणाल्या?" "बसल्या. पाणी मागितलं. मग त्या पिवळ्या कापडावर बोट ठेवलं, हे शिवा म्हणाल्या. आणि तुम्हाला काही बोलायचं नाही म्हणाल्या. 'तिची ती सांगेल.'"

त्या चिडल्या असत्या, चारचौघांत बोलल्या असत्या, तर मी आज एवढी खाली मान घालून बसले नसते. त्यांनी मला वेळ दिला. ओट्याला टेकून, अगदी माझ्या हाताशी येऊन दिला.

गेल्या रविवारी त्यांचं घर आवरायला गेले. भाच्याने कपडे गरजूंना द्यायला सांगितलेत. कपाटात बरेच दिवस राहून कुबट वास आला होता, म्हणून सगळे धुतले. आमच्याकडे मी असले कपडे मागच्या बाजूला, टॉवेलच्या आड वाळत घालते. ताईंच्या घराला मागची बाजू नाही. दोरी रस्त्यावरच्या गॅलरीत. तिथेच एकेक ब्लाउज झटकला, ताणून, पूर्ण उघडा वाळत घातला. पिवळा, मोरपंखी, लिंबाएवढ्या फुलांचा... सगळी दोरी भरली. त्या बाह्यांचाही घातला.

खाली गव्हाण गावाहून येणारी मासळीवाली मावशी पाटी टेकवून बसली होती. तिने वर दोरीवरच्या ब्लाउजांकडे बघितलं, कपाळावर हात धरला आणि ओरडली, "ताय, कवा आलात गावाशना? कोलंबी हाय, देऊ काय?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी कठड्याशी पुढे झाले. आता तरी मला मोठ्याने बोलायचं होतं.