आमच्या घरमालकांच्या आंघोळी

जगात कुठेही विमान पडो, बोट उलटो की आगगाडी रुळावरून घसरो, पंचवटीतल्या आमच्या घरमालकांना डोक्यावरून आंघोळ करावीच लागते. भाऊबंदांतलं कोणी लांबच्या गावी वारल्याचं कळलं की आपण करतो, तशीच. फरक एवढाच, की काकांचे भाऊबंद कांगोत असतात, ब्राझीलमध्ये असतात, आणि एकदा तर ते गरम हवेच्या फुग्यातही होते. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला आलो त्याच आठवड्यात काका एका दिवसात तिसऱ्यांदा ओल्या पंचाने बाहेर आले, तेव्हा मला वाटलं, यांना उष्णतेचा काही त्रास असावा. मुळात मी काळजी करणारा माणूस. काकूंना जाऊन विचारलं. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सकाळची रोजची, दुपारची फिलिपाईन्सची बोट, आणि ही आत्ताची तुर्कस्तानची बस. तू जरा नळाखाली बादली लाव. आणखी कोणी गेलं तर भांड्यांना पाणी उरायचं नाही.”

या आंघोळींचे नियम काकांनी स्वतः ठरवले आहेत आणि ते पाटबंधारे खात्यात होते तेव्हापासून बदललेले नाहीत. विमान असेल तर गार पाणी, थंडीतसुद्धा. आगगाडीला कोमट चालतं. हेल्मेट न घालता गेलेल्या मोटरसायकलवाल्यासाठी नुसते हातपाय धुवायचे. धावत्या गाडीच्या दारात फोटो काढताना गेलेल्यासाठी काका फक्त चूळ भरतात, तीही रागाने. ‘मृतांचा आकडा वाढण्याची शक्यता’ असं टीव्हीवर आलं की पंचा खांद्यावर टाकून ताटकळत बसतात, कारण महापालिकेच्या पाण्यात दोनदा करणं परवडत नाही. एकदा भाजीवाल्या मावशींनी त्यांना असं भर दुपारी निथळताना पाहिलं आणि हातातली जुडी खाली ठेवली. “कोण गेलं व्हं, काका?” “इंडोनेशियाचे,” काका म्हणाले. “लय जवळचे होते का?” “नाही हो, बोटीतले.” मावशींनी जुडी पुन्हा टोपलीत ठेवली. जाताना काकूंना हळूच म्हणाल्या, “जपा त्यांना. लय लावून घेतलंय मनाला.”

स्वतः काका शक्यतो कुठे जात नाहीत. विंचूरला भाचीच्या लग्नाला मात्र जावंच लागलं, तेव्हा मी सोबत होतो. जीपमध्ये बसल्याबसल्या त्यांनी सगळ्या प्रवाशांना एकमेकांना नावं, गावं सांगायला लावली. “उद्या पेपरात शेजारी शेजारी नावं यायची, निदान ओळख तरी असू द्या!” ड्रायव्हर वैतागला. “ओ बाबा, शुभ बोला ना! सकाळची पहिली ट्रिप हाय माझी.” पण ओळखी झाल्या. विंचूर येईपर्यंत एका कांदा व्यापाऱ्याने समोरच्या बाईंच्या मुलीसाठी स्थळ सुचवलं होतं, आणि उतरताना कोणीच काकांवर रागावलेलं नव्हतं.

मी एकदा धीर करून विचारलं, “काका, माणसं तापाने मरतात, म्हातारपणाने मरतात. त्यांची आंघोळ का नाही करत?” काका म्हणाले, “त्यांना घरच्यांनी पाणी पाजलेलं असतं रे. हा वाटेतला माणूस ‘येतो’ म्हणून निघालेला असतो. घरी कुकर लावलेला असतो त्याच्यासाठी. त्याचं कोणीतरी लगेच करायला नको? घरच्यांना कळेपर्यंत तो बिनआंघोळीचा राहतो.” ‘येतो’ या शब्दावर त्यांचा फार जीव. मी गडचिरोलीकडच्या खेड्यातला. तिकडच्या सवयीने पहिल्याच दिवशी सिन्नरच्या कंपनीत निघताना म्हणालो, “जातो जी, काका.” त्यांनी मला दारातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी प्यायला लावलं आणि नव्याने निघायला लावलं. कंपनीची बस चुकली. दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीच्या टोकापर्यंत “येतो, येतो” करत जाऊ लागलो.

आंघोळीची ही तऱ्हा पाहून मला हसू यायचं, पण कधी कधी बापाची आठवणही यायची. नववीत मी शाळा सोडली तेव्हा आमच्या बापाने भर अंगणात सांगितलं होतं, “ह्या पोराच्या नावानं मी आंघोळ केली.” रागावलेला माणूस बोलतो तसंच ते, खरोखर काही त्याने पाणी घेतलं नव्हतं. पुढे मी कामाला लागलो, दिवाळीला घरी जाऊ लागलो, बाप बोलूही लागला. पण ते वाक्य काही त्याने मागे घेतलं नाही.

मागच्या दिवाळीत परत निघण्याच्या दिवशी मी पिशवी भरून उभा होतो. धान कापायला आलं होतं. बापाने काही न बोलता माझ्या हातात विळा दिला. मी राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी नागपूरहून त्याच वेळेची बस धरली. बसमध्ये बसल्यावर माणसांच्या बोलण्यातून कळलं, की आदल्या रात्री निघालेली, म्हणजे माझी बस, पहाटे उलटून पेटली होती. मी खिशातून फोन काढला. गावात लाइट नसल्याने फोन कधीचाच बंद झाला होता. शेजारच्या प्रवाशाने त्याचा दिला, पण काकांचा नंबर मला पाठ कुठे होता? मी आदल्या रात्रीच निघणार हे काकांना माहीत होतं, आणि पहाटेची बातमी त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. काका माझ्या नावाची बादली भरताहेत.

सकाळी गल्लीत शिरलो तर काका पायरीवर बसलेले. दाढी वाढलेली, कपडे कालचेच, केसांना फणी नाही. मला बघून ते उठले नाहीत. काकूच धावत आल्या, माझ्या दंडाला धरून हलवलं आणि रडत रडत ओरडल्या, “अरे मेल्या, फोन कशाला ठेवतोस मग? ओळख पटली नाही, ओळख पटली नाही, एवढंच सांगतोय तो टीव्ही! आणि हे काल सकाळपासून पारोसे बसलेत. रोजचीसुद्धा केली नाही. मी म्हटलं, निदान दोन तांबे घ्या अंगावर. तर म्हणतात, आज पाणी घेतलं तर ते त्याच्या नावाचं होईल. मी नाही घेणार.”

आंघोळीआधी चहाचा घोट न घेणारा माणूस. कालपासून चहाही नव्हता.

मी पिशवी पायरीवर ठेवली. म्हणालो, “आलो, काका.”

“दिसतंय,” काका म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि काकूंना म्हणाले, “पाणी काढ. बसमधले बाकीचे कालपासून ताटकळलेत माझ्यामुळे.” पुष्कळ वेळ आतून तांब्याचा आवाज येत होता. बाहेर आले ते थरथरत, गार पाण्याने केली होती. पंचाने डोकं पुसता पुसता अवघडून म्हणाले, “गेलेल्यासाठी काय करतात ते मला ठाऊक आहे. आलेल्यासाठी काय करतात गं?”

“ताट वाढतात,” काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन पिठलं टाकलं.

आता थंडीत काकांना खोकला होतो. डॉक्टरांनी गार पाणी बंद केलंय, म्हणून विमानांनाही कोमटच मिळतं. बादली मी उचलून देतो. सकाळी निघताना मी “येतो” म्हणतो, ते मान हलवतात. संध्याकाळी सिन्नरहून परतलो की जिना चढण्याआधी मी मुद्दाम त्यांच्या दाराशी थांबतो. त्यांचं डोकं कोरडं असेल तर त्या दिवशी जगातली सगळी माणसं घरी पोचलेली असतात. आणि ओलं असलं, तरी मी पोचलेला असतो.