आत्याला आलेलं निनावी पत्र

निवृत्त झाल्यावर माझ्या आत्याने क्लॅरिनेट शिकायला घेतलं. अंबरपेठेतल्या तिच्या बिल्डिंगमध्ये रोज दुपारी सराव चाले आणि खरं सांगायचं तर तो ऐकवत नसे. एक दिवस पोस्टाने तिला निनावी पत्र आलं. तेलुगूत, ठळक अक्षरांत: ‘पिपाणी बंद कर, नाहीतर बोटं मोडीन.’

मी वकील, राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला. तिने मलाच फोन केला.

“हसू नकोस गं. सकाळपासून दाराला कडी लावून बसलेय. बेल वाजली तरी उघडवत नाही.”

आत्या एकटी राहते. माझं हसू तिथेच विरलं.

आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी पत्र वाचलं, मिशीतल्या मिशीत हसले, पण तक्रार नीट लिहून घेतली. बाहेर आल्यावर मी आत्याला समजावलं, “धमकी देणं हा गुन्हा आहेच. नाव लपवून दिली तर शिक्षा आणखी वाढते.”

घरी पोचताच तिने हेच वाक्य तेलुगूत लिहून लिफ्टच्या दारावर चिकटवलं.

संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर हात जोडून उभे. “अम्मा, चिठ्ठी मैंच लिखा,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “वकील मॅडम, अब नाम बता दिया तो सजा कम होती क्या?”

मला हसू फुटलं. आत्याला नाही.

“मैं कित्ता डर गई, मालूम है?” तिने दाराची कडी दाखवली. “दरवाजे पे आके बोलना था ना!”

मास्तर खालमानेने सांगू लागले. त्यांची बायको आजारी; दुपारीच तिचा जेमतेम डोळा लागायचा. आत्याच्या तोंडाला लागायची मात्र त्यांची छाती झाली नव्हती.

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, “उद्या ठाण्यात चला.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मास्तरांना चांगलंच झापलं. त्यांनी लेखी माफी मागितली, आत्याने तडजोडीला होकार दिला. सराव विद्यानगरला, तिच्या गुरुजींच्या गच्चीवर हलला. परतताना आम्हाला एकच ऑटो मिळाली. मास्तर अंग चोरून कोपऱ्यात बसले आणि आत्या त्यांना बायकोच्या औषधांबद्दल खोदखोदून विचारत राहिली.