माकणीचा राजा लई इच्यारायचा

बंडप्पानं सिद्रामप्पा गुरुजींना आयुष्यात किती वेळा मारलं, याचा हिशेब माकणीत कुणापाशीच नाही. चैत्रात महादेवाची जत्रा भरायची, जत्रेत गुरुजींनीच लिहिलेलं 'घडा भरला, महाराज!' हे नाटक व्हायचं, आणि शेवटच्या अंकात सेनापती झालेला बंडप्पा राजा झालेल्या गुरुजींच्या पोटात लाकडी तलवार खुपसायचा. गुरुजी मरायचे तेही सावकाश. सिंहासनावरून घसरत, मुकुट सावरत, सगळ्या राज्याची निरवानिरव करत मरायचे. मंडपातून "वन्स मोअर!" आला की मेलेले गुरुजी उठायचे, अंगरखा झटकायचे आणि परत मरायचे. पहिल्यापेक्षा झकास.

एरवी हाच माणूस गावच्या शाळेत मास्तर. वर्गातही त्यांची तऱ्हा न्यारी. पोराला उत्तर येत नसलं तर छडी उगारायची नाही आणि उत्तरही सांगायचं नाही. प्रश्नच असा विचारायचा की उत्तर प्रश्नाच्याच पोटात असावं. "काय रे, आपली तेरणा पुढं जाऊन मांजरेला मिळते म्हणतोस?" पोरगं म्हणायचं, "व्हय गुरुजी, मांजरेला मिळती!" आणि जणू स्वतःच शोध लावल्यासारखं ऐटीत खाली बसायचं. दुसऱ्या दिवशी मात्र गुरुजी काही विचारायचे नाहीत. हात मागं बांधून, ओठ मिटून, उत्तर येईस्तोवर पोरापुढं नुसते उभे राहायचे.

बंडप्पा हा त्यांच्या अगदी पहिल्या वर्गातला. पण तो दुसरा दिवस त्याच्या नशिबी कधी आलाच नाही. एक दिवस शाळेत, तर दुसरा दिवस म्हशीमागं, अशी त्याची विद्या.

पुढं अंगापिंडानं तो असा वाढला की सेनापती त्याच्यावाचून दुसरा कोण होणार? आवाज तर धरणाच्या भिंतीवरून हाक मारली तरी गावात ऐकू जाईल असा. डोकं मात्र चाळण. एक वाक्य त्यात टिकेल तर शपथ. गुरुजींनी त्याला कधी घोकायला लावलं नाही, नाटकातून काढलंही नाही. भर रंगमंचावर, मुकुट घालून, ते आपली जुनी शाळा भरवायचे.

"काय म्हणतोस, सेनापती? माझ्या पापाचा घडा भरला म्हणतोस?"

"व्हय महाराज, भरला! काठोकाठ भरला!"

"या तलवारीनं मीठ माझं खाल्लं, पण तिला रक्त लागलंय तुझ्या भावाचं, असं म्हणतोस?"

"तसंच म्हनतोय, महाराज!"

म्हणजे राजा आपल्या मरणाची सगळी भाषणं स्वतःच करायचा आणि टाळ्या सेनापतीला मिळायच्या. गावाला वाटायचं, नाटकच तसं आहे. माकणीचा राजा लई इच्यारतो, असं पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगितलं जायचं. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, आणि त्यातले एक यंदा फाल्गुनात गेले.

दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. इतक्या साध्या मरणावर गाव जरा नाराजच झालं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, बसतं केलं, कपाळाला भस्म लावलं, गळ्यात हार घातले. भजन सुरू झालं, मिरवणूक चौकात आली. गुरुजी मधोमध ताठ बसलेले, अगदी तिसऱ्या अंकात सिंहासनावर बसायचे तसे. एवढ्यात गर्दीतून म्हातारा पिराजी, ज्यानं जत्रेतली पहिली रांग कधी सोडली नाही, तो ओरडला, "वन्स मोअर, गुरुजी!"

क्षणभर कुणाला कळेना हसावं की रडावं. मग लोक हसले, आणि हसता हसता सगळ्यांचेच डोळे गळायला लागले. बंडप्पा विमानाला खांदा देऊन चालला होता. तो तेवढा हसला नाही. जत्रा तोंडावर आली होती, आणि आता आपल्याला विचारणार कोण, या एकाच काळजीत तो पाय उचलत होता.

नाटक बंद ठेवायचं तर गुरुजींना चाललं नसतं. राजा कोणी व्हायचं? पिराजीची नात गौरी पुढं आली. गुरुजींची विद्यार्थिनी, आता धाराशिवला शिक्षिका. गुरुजींच्या वहीवरून तिला सगळं नाटक तोंडपाठ होतं. बाईमाणूस राजा कशी होणार, असं कोणीतरी पुटपुटलं. बंडप्पाची बायको जगदेवी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "गुरुजी ज्वानीत लुगडं नेसून रानी झाले, तवा कुनाच्या पोटात दुखलं न्हाय. आता पोरगी राजा झाली की दुखतंय व्हय?" विषय मिटला.

तालमी सुरू झाल्या. गौरी वहीत जे लिहिलंय तेच म्हणायची; राजाचे ते प्रश्न म्हणजे गुरुजींची हौस, असं तिला वाटायचं. लिहिलेल्या नाटकात राजा फक्त म्हणतो, "सेनापती, तू?" पुढं सगळं भाषण सेनापतीचं. बंडप्पा तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. प्रश्न यायचा नाही.

"काका, तुमचं वाक्य."

"घसा बसलाय, पोरी. खऱ्या टायमाला काडतो."

रोजच घसा बसायला लागला. उसात पाणी सोडता सोडता तो वाक्यं घोकायचा. तिथं ती फाडफाड यायचीही, पण गौरीपुढं उभं राहिलं की तोंडातून अक्षर फुटेना. कोरड्या हापशात आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तसं गुरुजींच्या प्रश्नावाचून त्याला काही फुटतच नव्हतं.

उसातलं त्याचं घोकणं ऐकून जगदेवीला सगळं उमगलं, आणि तिनं त्याला बांधावर गाठलं. "अवो, तिला सरळ सांगा की, जरा इच्यार म्हनून."

"काय सांगू लेकराला? जलमभर सेनापती हाय आन् एक वाक्य पाठ न्हाय म्हनून? गुरुजींनी जे झाकलं, ते म्या उघडं करू?" त्यानं खोरं बांधावर टेकवलं. "लई आटवन येती गं त्यांची."

जत्रेचा दिवस आला. लाउडस्पीकर लवकर बंद करावा लागतो म्हणून दिवेलागणीलाच पडदा उघडला. गौरीनं मुकुट असा चढवला होता की पिराजी रांगेतल्या सगळ्यांना "माजी नात हाय" म्हणून कोपरानं ढोसत होता. शेवटचा अंक आला. बंडप्पा तलवार उपसून पुढं झाला.

"सेनापती, तू?" गौरी म्हणाली, आणि थांबली.

बंडप्पाही थांबला. मंडप थांबला. पाळणेवाल्याचा भोंगा तेवढा लांबून ऐकू येत होता. बंडप्पाच्या कपाळावरचा रंग घामानं ओघळायला लागला. आपण आज गुरुजींचं नाटक बुडवलं, असं त्याला वाटलं.

पिराजीला राहवलं नाही. "ए राजा, इच्यार की त्याला! राजा इच्यारतोय न्हवं!"

गौरी गोंधळली. असं काही लिहिलेलंच नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं जगदेवीचा आवाज आला, "काय म्हनतोस, सेनापती?" तिच्यामागं साऱ्या बायका, मग गडी, मग अख्खा मंडप म्हणायला लागला, "पापाचा घडा भरला म्हनतोस? मीठ राजाचं, पन रक्त भावाचं म्हनतोस?" बहुतेक सगळे गुरुजींच्या वर्गात बसलेले. कुणाला शिकवायची गरज नव्हती.

"व्हय!" बंडप्पा गरजला. "भरला! काठोकाठ भरला!"

गौरीला आता कुठं उलगडा झाला. गुरुजींनी हा माणूस इतकी वर्षं कसा सांभाळला, ते कळून तिला मुकुटाखाली हसूही आलं आणि हुंदकाही. तशीच ती मरून पडली. "वन्स मोअर!" मंडप उसळला. ती उठली, तिनं अंगरखा झटकला. पिराजीनं विचारायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं त्याला गप्प बसवलं. मग दोन्ही हात मागं बांधले, ओठ मिटले आणि बंडप्पापुढं नुसती उभी राहिली.

बंडप्पानं ते हात बघितले. शाळा बुडवून जो दिवस त्यानं चुकवला होता, तोच दिवस पुढं येऊन उभा होता. त्यानं श्वास घेतला.

"महाराज, तुमच्या पापाचा घडा भरला! या तलवारीनं मीठ तुमचं खाल्लं, पण तिला रक्त लागलंय माझ्या भावाचं. आज एक तर सिंहासन रिकामं होईल, नाहीतर सेनापतीचं घर!"

एक शब्द गळला नाही. मंडप "वन्स मोअर!" म्हणून असा ओरडला की पाळणेवाल्यानं भोंगा बंद केला. आजवर वन्स मोअर मरणाऱ्याला मिळायचा. आज तो मारणाऱ्याला मिळत होता. बंडप्पा तलवार टेकून पोरासारखा रडत होता.

"अवो, रडताय काय?" जगदेवी खालून ओरडली. "वन्स मोअर हाय! म्हना परत!"