कमलमावशींचं पारखी नख

सेलूच्या कमलमावशींमुळे मला माझ्या वडिलांची ढोलकी पुन्हा ऐकायला मिळाली. त्यांचं नाव आधी घेतो, घडलं ते मग सांगतो.

मी सांगलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि कामामागे फिरत फिरत सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आलो. वडील एका तमाशा पार्टीत ढोलकी वाजवायचे. त्या पार्टीची एकच तबकडी निघाली होती. घरातली फुटली, पुढं वडीलही गेले. फोटोत ते दिसतात, पण हात गप्प.

मावशींचं दुकान स्टेशनजवळ. त्यांच्या यजमानांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. ते वारले तरी लग्नांत वाजलेल्या तबकड्या मावशींनी जपल्या, गावोगावच्या लाउडस्पीकरवाल्यांच्याही विकत घेतल्या. कुणी तबकडी आणली की त्या लगेच वाजवत नाहीत. उजेडात तिरपी धरतात, मग मधल्या लेबलाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतात. भीमगीतांच्या तबकड्यांची फळी वेगळी. भाव विचारला तर म्हणतात, "त्या इकायच्या न्हाईत. बसा, ऐकवते."

वडिलांच्या तबकडीसाठी मी मोबाइलवर दिसेल त्या विक्रेत्याला विचारत सुटलो होतो. एकाला ती सापडली. तो सेलूत घेऊनही आला. मला इतकी घाई, की लगेच ऐकायची म्हणून त्याला थेट मावशींकडेच नेलं.

मावशींचं नख फिरता फिरता अडकलं. "साहेब, हे लेबल डिंकानं चिटकवलंय."

"जुना माल आहे मावशी. सुटतं कधी कधी."

"सुटतं? अहो, लेबल तबकडीसंगंच दाबतेत. ते अंगात बसतं, अंगावर न्हाई."

त्यांनी कड उचलली. खाली दुसऱ्याच गाण्यांचं लेबल निघालं. तो माणूस तबकडी उचलून चालता झाला. मी रडकुंडीला आलो.

"त्याला काय सांगितलं हुतंस?"

"माझ्या वडिलांची ढोलकी आहे त्यात, असं."

"मंग! गरज आधी सांगितली की माल बरूबर सापडतो. लय भोळा हायेस. आता मी इचारते, अन् कुणासाठी ते सांगत न्हाई."

त्यांनी जुन्या लाउडस्पीकरवाल्यांना निरोप धाडले. येलदरीच्या एकाकडे तबकडी निघाली. लेबलावर ऑइलपेंटनं त्याचं नाव. एका लग्नात दोघांचा माल मिसळू नये म्हणून हे लोक तसं रंगवायचे. मी हळहळलो, खराब केली म्हणून.

"खराब? येड्या, मांडवात वाजलेली तबकडी कोरी कशी ऱ्हाईल?" त्यांनी नख फिरवलं. लेबल हललं नाही.

सुई टेकली. खरखर झाली, आणि मग ढोलकी. मी आईला फोन लावून तो कर्ण्यापाशी धरला. ती म्हणाली, "व्हय, हेच. थापेआधी जरा दम धरायचे त्ये."

मावशींनी फोन ओढून घेतला. "वैनी, तुमचं माणूस लय भारी वाजवायचं बगा!"

आता कुणी जुन्या तबकड्यांचं विचारलं, की मी छाती काढून सांगतो: सेलूला आमच्या मावशी आहेत, तिथून घ्या.

आमच्या घरी अजून तबकडी वाजवायचं यंत्र नाही. ते एक दिवस घेईन. मावशींना गावी नेईन, आईशेजारी मानानं बसवीन, सगळी गल्ली बोलावीन. पहिली सुई त्यांनीच टेकवायची. एवढं मी करणारच.